जानेवारीत तळाला, जूनमध्ये चॅम्पियन: एनएचएलचा सीझन नेमका कसा वाचायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या आइस हॉकी लीगच्या 2018-19 च्या सीझनमध्ये सेंट लुई ब्लूज हा संघ 3 जानेवारीच्या सकाळी संपूर्ण लीगमध्ये शेवटचा होता आणि 12 जूनला त्यानेच लीगचा विजेतेपदाचा करंडक, म्हणजे स्टॅनली कप, उचलला. उलट टॅम्पा बे लाइटनिंग 62 सामने जिंकून पहिल्याच फेरीत बाहेर. हे कसं काय, आणि आइस हॉकीचा हा गुणतक्ता बघायचा तरी कसा?

आयपीएलच्या सवयीने हा तक्ता वाचलात तर हमखास फसाल. तिथे विजयाला दोन, पराभवाला शून्य, विषय संपला. एनएचएलच्या तक्त्यात प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात आणि सगळी गोम तिसऱ्या आकड्यात आहे. पहिला आकडा विजय, दुसरा साठ मिनिटांत झालेले पराभव, तिसरा ओव्हरटाइममध्ये (बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ) किंवा शूटआउटमध्ये (त्यानंतर एकेका खेळाडूने एकट्या गोलकीपरवर केलेले प्रयत्न) झालेले पराभव. विजयाला दोन गुण, साध्या पराभवाला शून्य आणि तिसऱ्या प्रकारच्या पराभवाला एक. ब्लूजचा त्या सीझनचा अंतिम हिशेब 45-28-9, म्हणजे 90 अधिक 9, एकूण 99 गुण.

हरलेल्याला गुण कशाला? प्रो कबड्डीत बरीच वर्षं सात किंवा त्याहून कमी फरकाने हरणाऱ्या संघाला एक गुण मिळायचा, ते आठवा. एनएचएलचं कारण मात्र वेगळं होतं. पूर्वी सामना बरोबरीत सुटला की दोघांना एकेक गुण मिळे, आणि ओव्हरटाइममध्ये गोल खाल्ला तर हातातला तो गुणही जाई. त्यामुळे ओव्हरटाइमची पाच मिनिटं दोन्ही संघ जपून खेळत. 1999-2000 पासून तो एक गुण पक्का केला, म्हणजे संघ बिनधास्त चढाई करतील. पुढे 2005-06 मध्ये शूटआउट आलं आणि बरोबरी कायमची गेली. 2015-16 पासून ओव्हरटाइम तीन विरुद्ध तीन खेळाडूंचा झाला. हेतू चांगला होता, पण परिणाम विचित्र झाला. आता काही सामन्यांत एकूण दोन गुण वाटले जातात आणि काहींत तीन. शेवटची पाच मिनिटं उरली आणि बरोबरी असली की दोन्ही संघांना साठ मिनिटं कशीबशी पार पाडण्यात फायदा असतो. मला हा नियम मुळीच पटत नाही. साठ मिनिटांत जिंकणाऱ्याला तीन गुण द्यावेत, म्हणजे प्रत्येक सामन्याचं वजन सारखं होईल.

त्याच सीझनमधला पुरावा बघा. कोलोरॅडो 38-30-14, म्हणजे 90 गुण. अ‍ॅरिझोना 39-35-8, म्हणजे 86. अ‍ॅरिझोनाने एक सामना जास्त जिंकला, तरी प्लेऑफला कोलोरॅडो गेलं आणि अ‍ॅरिझोना घरी बसलं. फरक पाडला तो चौदा आणि आठ या तिसऱ्या आकड्यांनी.

आता प्लेऑफला कोण जातं ते. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आणि प्रत्येकात दोन डिव्हिजन. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन संघ थेट जातात. मग त्या भागात उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचे दोन वाइल्ड कार्ड. असे आठ आणि आठ, सोळा संघ. पूर्वेचा संघ पश्चिमेच्या संघाशी जागेसाठी भांडतच नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. 2018-19 मध्ये मॉन्ट्रियल 96 गुण मिळवून बाहेर राहिलं, कारण पूर्वेत कोलंबस 98 वर होतं. पश्चिमेत 90 गुणांना तिकीट मिळालं. गुण समान झाले तर त्या वेळी शूटआउट वगळून मिळवलेले विजय मोजत. विनिपेगचेही 99 गुण होते आणि याच मोजणीत ते ब्लूजच्या वर, डिव्हिजनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. पुढच्या सीझनपासून आधी फक्त साठ मिनिटांतले विजय मोजू लागले. हा बदल योग्य दिशेने आहे.

मग ब्लूज शेवटचे होते म्हणजे नेमके किती वाईट होते? 3 जानेवारीला त्यांचे 37 सामन्यांत 15-18-4, म्हणजे 34 गुण. पण बहुतेक संघांचे तोपर्यंत त्यांच्याहून जास्त सामने झाले होते. म्हणून सीझनच्या मध्यावर नुसते गुण बघायचे नाहीत, गुणांची टक्केवारी बघायची: मिळालेले गुण भागिले मिळू शकणारे गुण. 34 भागिले 74, म्हणजे 0.459. सुमारच, पण डोळे झाकावेत इतकं भयंकर नाही. उरलेल्या 45 सामन्यांत त्यांनी 30-10-5 अशी कामगिरी केली, 90 पैकी 65 गुण, 0.722. हाच वेग पूर्ण 82 सामने टिकला असता तर 118 गुण झाले असते.

बदललं काय? नोव्हेंबरमध्येच प्रशिक्षक माइक यो यांना काढून क्रेग बेरुबी यांच्याकडे हंगामी सूत्रं दिली होती, पण निकाल लगेच बदलले नाहीत. मोठा फरक पडला तो गोलकीपरमुळे. जॉर्डन बिनिंग्टन हा 25 वर्षांचा गोलकीपर खालच्या लीगमधून वर आला आणि 7 जानेवारीला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला. फिलाडेल्फियाला 3-0 हरवलं, एकही गोल खाल्ला नाही. सीझनअखेर त्याची नोंद 24-5-1 आणि अडवलेल्या शॉट्सचं प्रमाण 0.927.

हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून हिशेबच मांडतो. सामन्यात साधारण 30 शॉट येतात असं धरा. 0.900 वाला गोलकीपर त्यातले तीन सोडतो, 0.927 वाला 2.19. दर सामन्याला पाऊण गोलाहून जास्त फरक. तीस सामन्यांत ते चोवीस गोल होतात. ज्या खेळात निम्मे सामने एका-दोन गोलांनी फिरतात, तिथे चोवीस गोल म्हणजे अख्खा सीझन. म्हणून कोणत्याही संघाचा अंदाज बांधताना मी आधी गोलकीपरचा रकाना उघडतो, मग बाकीचं. सामना बघायच्या आधीही त्या दिवशी कोण उभा राहणार आहे ते तपासा. त्या सीझनमध्ये 3 ऑक्टोबर ते 6 एप्रिल या 186 दिवसांत प्रत्येक संघ 82 सामने खेळला. लागोपाठ दोन रात्री सामने आले की दुसऱ्या रात्री बहुधा राखीव गोलकीपर असतो, आणि तेव्हा तक्त्यातला क्रमांक बघून लावलेले अंदाज कोसळतात.

भारतातून बघणार असाल तर वेळेचं गणित सांगून ठेवतो. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी 7 ला सुरू होणारा सामना आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी पहाटे 5:30 ला, आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं पुढे सरकली की 4:30 ला. लोक याच एका तासात चुकतात.

प्लेऑफ ही मग वेगळीच स्पर्धा. चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सात सामन्यांची, चार जिंकेल तो पुढे. म्हणजे कपला 16 विजय लागतात. शूटआउट नाही, तीन विरुद्ध तीन नाही. पूर्ण पाच विरुद्ध पाच, वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, पहिला गोल होईपर्यंत. टॅम्पाचे 62-16-4, 128 गुण, तक्त्यात पहिले. पहिल्या फेरीत त्यांच्यासमोर पूर्वेचं शेवटचं वाइल्ड कार्ड कोलंबस आलं. पहिल्या सामन्यात टॅम्पा 3-0 पुढे होतं, 3-4 हरलं, आणि मालिका 0-4 ने गेली. टॅम्पाचा पॉवरप्ले (समोरचा खेळाडू नियमभंगाच्या शिक्षेमुळे, म्हणजे पेनल्टीमुळे, बाहेर असतानाचा खेळ) लीगमध्ये सर्वोत्तम होता, अशा 28.2 टक्के संधींत गोल. पण समोरचा संघ पेनल्टी घेतच नसेल तर ते हत्यार म्यानातच राहतं. कोलंबसने नेमकं तेच केलं. त्या वर्षी चारही डिव्हिजनचे विजेते पहिल्याच फेरीत गारद झाले: टॅम्पा, वॉशिंग्टन, नॅशव्हिल आणि कॅलगरी.

पेनल्टीचा विषय निघालाच आहे तर सॅन होजे विरुद्ध व्हेगास, सातवा सामना. साधी पेनल्टी दोन मिनिटांची, आणि तेवढ्यात गोल झाला की ती तिथेच संपते. मोठी पेनल्टी पाच मिनिटांची, ती कितीही गोल झाले तरी पूर्ण भोगावी लागते. व्हेगास 3-0 पुढे असताना त्यांना मोठी पेनल्टी लागली आणि सॅन होजेने चार मिनिटं एका सेकंदात चार गोल केले. शेवटी ओव्हरटाइममध्ये 5-4 ने जिंकले. निर्णय वादग्रस्त ठरला आणि पुढच्या सीझनपासून मोठी पेनल्टी व्हिडिओवर तपासायची सोय पंचांना मिळाली.

ब्लूजने विनिपेगला 4-2, डॅलसला 4-3, सॅन होजेला 4-2 हरवलं आणि अंतिम मालिका बॉस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत गेली. बॉस्टनच्या बर्फावरचा त्या सामन्याचा पहिला पिरियड (पहिली वीस मिनिटं) हॉकी शिकणाऱ्याने पुन्हापुन्हा बघावा. शॉट्स बॉस्टनचे 12, ब्लूजचे 4, आणि गोल 0-2. ब्लूजच्या रायन ओरायलीने पक (हॉकीची रबरी चकती) दिशा बदलून आत घातला, तो पहिला गोल. दुसरा खरा अभ्यासाचा. हॉकीत खेळाडू चालू खेळात बदलतात, एकेक जण चाळीस-पन्नास सेकंद पळतो आणि बाकावर येतो. पथ्य एवढंच की पक समोरच्यांच्या टोकाला खोल असताना बदलायचं. पिरियड संपायला काही सेकंद होती, ब्लूज पक घेऊन चढत होते, आणि नेमक्या त्या क्षणी बॉस्टनचा ब्रॅड मार्शांड बाकाकडे वळला. त्याच्या बाजूला मोकळी जागा पडली. ब्लूजच्या जेडन श्वार्ट्झने पक मागे सोडला, बचावपटू अ‍ॅलेक्स पिएट्रँजेलो त्या जागेत शिरला, एक हुलकावणी दिली आणि काठीच्या उलट्या बाजूने पक बॉस्टनचा गोलकीपर टूका रास्कच्या वरून जाळ्यात टाकला. घड्याळात आठ सेकंद उरली होती.

त्यानंतर बॉस्टनला दोन गोलांमागे धावावं लागलं. बिनिंग्टनने 33 पैकी 32 शॉट अडवले, सामना 4-1. 1967 मध्ये लीगमध्ये आलेल्या ब्लूजचा हा पहिला कप.