सिग्नलवर हात पुढे आला की पैसे द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पुण्यात नवीन आलात, रोज विद्यापीठ चौकात गाडी थांबली की एक बाई कडेवर मूल घेऊन काचेपाशी येते, ऑफिसातले म्हणतात एक रुपया देऊ नकोस, सगळं रॅकेट आहे, आणि न देता पुढे गेलात की दिवसभर चुटपुट लागते. तर द्यावं की नाही?

मी देतो. रोज नाही, सगळ्यांना नाही, आणि कुणाला दिलं नि कुणाला नाही याचं धड कारण मला विचाराल तर सांगता येणार नाही. कधी खिशात सुट्टे असतात म्हणून, कधी समोरच्या माणसाचे पाय सुजलेले दिसतात म्हणून. पण या बाबतीत माझी जी काही मतं आहेत ती सिग्नलवर झालेली नाहीत, काउंटरच्या आतल्या बाजूला झालेली आहेत. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी कॅशवर. शेवटची शाखा पेठेतल्या एका देवळापासून हाकेच्या अंतरावर होती.

देवळाबाहेर बसणाऱ्यांचा आठवडा आपल्यापेक्षा जास्त आखलेला असतो. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त नाहीतर साईबाबा, शुक्रवारी मशिदीबाहेर, शनिवारी मारुती. त्यातली एक म्हातारी महिन्यातून दोनदा शाखेत यायची. हातात कापडी पिशवी, पिशवीत चिल्लर. ती दारात दिसली की आमच्यातला एकजण चहाला पळायचा, कारण चिल्लर मोजायला अर्धा तास जायचा आणि मागे रांग तुंबायची. ती मात्र शांत उभी. एकदा मी मोजून सांगितलं, "सहाशे बारा." ती म्हणाली, "सहाशे पंधरा हायत, दादा." पुन्हा मोजले. पंधराच होते.

तिचं खातं २०१४ नंतरचं, जनधनचं. त्याआधी ती पैसे एका पानवाल्याकडे ठेवायची, कारण खातं उघडायचं तर पत्ता लागतो, आणि फुटपाथला पिनकोड असला तरी घर नंबर नसतो. पानवाला ठेवून घेण्याचे काही घ्यायचा का, असं मी एकदा विचारलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की पुढे विचारायची हिंमत झाली नाही.

हिच्याचकडून मला एक गोष्ट कळली, जी इतकी वर्षं रस्त्यावरून जाऊनही कळली नव्हती. "पैसे नाही देणार, खायला घेऊन देतो," हे माझं ठाम तत्त्व होतं. वडिलांचंही तेच. वाटायचं, यात फसवणूक नाही आणि पुण्यही आहे. एका गुरुवारी मी तिच्यापुढे बिस्किटाचा पुडा धरला. तिने पदराखालची पिशवी उघडून दाखवली: आत सात-आठ पुडे, दोन केळी काळी पडलेली, प्रसादाच्या पुड्या. "खायाला लई मिळतं, दादा. संडासाला रोज पैसे लागतात." रस्त्यावर राहणाऱ्याला संडासाचे पैसे, अंघोळीचे पैसे, रात्री सामान कुणाच्या टपरीत ठेवायचं तर त्याचे पैसे, गुडघ्याच्या गोळ्यांचे पैसे. आपल्याला घरात जे फुकट वाटतं ते सगळं तिला सुट्या भावात विकत घ्यावं लागत होतं, आणि दुकानदार त्याबदल्यात बिस्किटं घेत नाही. आमच्या शाखेतलं टॉयलेट तिला कधी वापरू दिलं होतं का? नाही. मीही कधी सुचवलं नाही.

आता रॅकेटबद्दल. ते नसतंच असं म्हणणारा मी नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर कायदाच ते गृहीत धरतो: २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि भीक मागण्यासाठी मूल पळवणं हा तर त्याहून कितीतरी गंभीर गुन्हा. त्यामुळे एकट्या मुलाच्या हातात मी नाणं ठेवत नाही. दूर कठड्यावर बसून कुणी नजर ठेवतंय असं दिसलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करतो. जागा, जवळची खूण, मुलाचं साधारण वय, अंगावरचे कपडे एवढं सांगता आलं पाहिजे, म्हणून आधी नीट बघून घ्यायचं. पण कडेवरचं मूल झोपलेलं दिसलं की लगेच "अफू पाजलीय" म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो: रात्रभर डासांत आणि ट्रकच्या हॉर्नमध्ये फुटपाथवर काढलेलं मूल दुपारी बारा वाजता काय करेल? काही वेळा खरंच पाजलेलं असेलही. पण आपल्याला ते खरं हवं असतं, कारण ते खरं असलं की आपण सुटलो.

मीही फसलोय. एका हॉस्पिटलसमोर एक बाई म्हणाली, पैसे नकोत साहेब, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या. समोरच्या मेडिकलमधून डबा घेऊन दिला. छत्री काउंटरवरच विसरलो म्हणून पाच मिनिटांनी परत गेलो, तर डबा परत शेल्फवर चढत होता आणि दुकानदार तिला नोटा मोजून देत होता. पुढचे दोन-तीन महिने मी कुणालाच काही दिलं नाही आणि हा किस्सा भेटेल त्याला ऐकवत सुटलो. त्याच वर्षी एका जवळच्या नातेवाइकाने माझ्याकडून पाच हजार उसने नेले होते. ते आजतागायत आलेले नाहीत. त्याच्याशी मी लग्नकार्यात हसून बोलतो, पंगतीत त्याच्या शेजारी बसतो. डब्याच्या पैशांचा राग मात्र बरीच वर्षं पुरला.

"भिकाऱ्याकडे लाखो रुपये सापडले" ही बातमी तर दर वर्षा-दोन वर्षांनी येतेच. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत गोवंडीजवळ रुळांवर एक वृद्ध गाडीखाली गेला, आणि त्याच्या झोपडीत पोलिसांना पोत्यांतून दीड लाखाहून जास्त चिल्लर आणि आठ लाखांहून जास्त रकमेच्या मुदत ठेवींच्या पावत्या सापडल्या. आमच्या ग्रुपवर तीन दिवस हेच: बघा, आपल्याहून श्रीमंत! मी कॅशियरच्या नजरेने वाचलं. पेन्शन नाही, विमा नाही, पोरं जवळ नाहीत, अशा माणसाने म्हातारपणासाठी एफडी केली होती. आपण सगळे तेच करतो. फरक इतकाच की तो ऐंशीच्या पुढे गेला तरी ती मोडायची वेळ आली असं त्याला वाटलं नाही. झोपडी रुळांलगतची होती हे बातमीत होतंच, पण फॉरवर्ड करताना ते गळलं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्या राज्यात अजून १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागणाऱ्याला पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, वारंवार सापडला तर दहा वर्षांपर्यंत. व्याख्या इतकी ऐसपैस की गाणं, नाच, भविष्य सांगणं, काहीतरी विकायचं निमित्त करणं, सगळं भीकच. म्हणजे मोरपिसांची टोपी घालून पहाटे "दान पावलं" म्हणत येणारा वासुदेव, गोंधळी, नंदीबैलवाला हे कायद्याने भिकारी. त्यांना आपण दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापतो ती गोष्ट वेगळी. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची बरीचशी कलमं रद्द केली; ज्याला सरकार पोटापाण्याचं साधन देऊ शकलं नाही त्याला त्याच पोटापायी तुरुंगात घालता येणार नाही, असा त्याचा रोख. आपल्याकडे मात्र मोठे पाहुणे यायचे असले की शहर झाडायची पद्धत आहे. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीच्या तोंडावर नागपुरात चौकांत भीक मागायला बंदी आली होती, आठवत असेल.

आणि या भिक्षेकरी गृहांत ठेवलेल्यांना तिथे केलेल्या कामाचा मेहनताना किती मिळायचा? महिन्याला पाच रुपये. दिवसाला नव्हे. तो दिवसाला चाळीस करायचं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं ते २०२५ साली. माझ्या म्हातारीने एका दिवसात पायरीवर बसून जे मिळवलं असतं त्याला तिथे काही वर्षं लागली असती. "काम का करत नाहीत" हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हा आकडा मी पाठ करून ठेवलाय.

एक गंमत बघा. १९५९ च्या कायद्यात देणाऱ्याला काहीच शिक्षा नाही. इंदूरने ते उलटवलं: १ जानेवारी २०२५ पासून तिथे भीक देणाऱ्यावरच गुन्हा, आणि त्याच महिन्यात दहा रुपये दिले म्हणून एका वाहनचालकावर तो दाखलही झाला. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना हे फार आवडलंय. मला कळतं का आवडलंय. बंदी आली की काच खाली करायची की नाही हा प्रश्नच उरत नाही.

लहानपणी आमच्या गावात ग्रहण लागलं की गल्लीतून आरोळी यायची: "दे दान, सुटे गिराण!" आई सुपात धान्य, जुनी लुगडी काढून उंबऱ्याबाहेर ठेवायची. मागायला कोण येणार हे जातीने ठरलेलं होतं, त्यावर कुणी बोलायचं नाही. गिराण सुटायचं ते चंद्राचं आणि देणाऱ्याच्या घराचं. घेणाऱ्याच्या मागे लागलेलं दुसऱ्या दिवशीही तिथेच. सिग्नलवर आपण देतो ते नाणं बरेचदा त्याच घराण्यातलं असतं. तुमची चुटपुट तेवढ्यापुरती सुटते. त्यात लाज वाटायचं कारण नाही, फक्त आपण समाजसेवा केली असं समजू नये, आणि म्हणून समोरच्याकडून प्रामाणिकपणाचा दाखलाही मागू नये. हॉटेलात टीप दिलेल्या पोऱ्याने तिचं काय केलं हे आपण विचारतो का?

खरंच काही करायचं असेल तर ते सिग्नलच्या नव्वद सेकंदांत होत नाही. पुण्यातच एक डॉक्टर, अभिजित सोनवणे, देवळांबाहेर फिरून भिक्षेकऱ्यांवर उपचार करतात आणि जमेल त्याला छोट्या कामाला लावतात. अशा कामाला वर्षातून एकदा पैसे द्या, वेळ असेल तर हात द्या. आणि त्या बाईला? द्यावंसं वाटलं तर द्या, नाही तर मान हलवून नाही म्हणा. मोबाइलमध्ये डोकं घालून ती तिथे नाहीच असं दाखवणं, एवढं मात्र मला आता जमत नाही. म्हातारीने एकदा सांगितलं होतं, "नाय म्हणा ना, तेवढ्यानं बी चालतं, म्होरच्या गाडीकडं जाता येतं."

रिटायर झाल्यावर पहिल्याच गुरुवारी देवळात गेलो. ती होती. मी ऐटीत दहाचं नाणं काढून तिच्या हातात ठेवलं. तिने उलटंपालटं करून परत माझ्यापुढे धरलं. "हे चहावाला घेत नाय." मी लगेच सुरू झालो: अहो आजी, ही अफवा आहे, रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय, दहाची सगळी नाणी चालतात, कुणी नाकारू शकत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमी ठिवा, दादा. मला दोनाची पाच द्या."

माझ्याकडे नव्हती. शेजारच्या फुलवालीकडून मोडून आणून दिली.