मधलाच भाग सगळ्यात आवडला तर?

प्रश्न: ताई, मी वेंगुर्ल्याची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. सध्या एक रोमँटिक फँटसी सिरीज वाचतेय, तीन भागांची. जादू, राजवाडा, जहाजावरचा प्रवास, आणि आधी एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघं नंतर प्रेमात, तसलं सगळं. पहिला भाग झपाट्यात संपवला. दुसरा मात्र पावसात हळूहळू वाचला, मासेमारी बंदीमुळे बाबांची होडी 31 जुलैपर्यंत किनाऱ्यावरच ना, घरात सगळे, वाचायला कोपरा शोधावा लागतो, पण मला तोच सगळ्यात आवडला. मैत्रिणी म्हणतात त्यात काही घडतच नाही, नुसतं पाणी घातलंय, सरळ तिसरा घे. आता तिसरा हातात आहे पण उघडवत नाहीये. माझं काही चुकतंय का?

उत्तर: अगं, काही चुकत नाहीये. मैत्रिणींना विचार, काय घडत नाही म्हणता? मोठी लढाई होत नाही, राज्याभिषेक होत नाही, एवढंच ना. पहिल्या भागात दोघं जवळ येतात ते बहुतेक वेळा परिस्थितीमुळे, म्हणजे दोघांना मिळून पळावं लागतं, एकाला बाण लागतो मग दुसरी जखम बांधते, रात्री थंडीत एकच घोंगडी असते. वाचायला मस्तच वाटतं ते. पण दुसऱ्या भागात ती घाई संपलेली असते आणि आता मागे कोणी लागलेलं नसतानाही हिच्याबरोबर राहायचंय का, याच्यावर विश्वास टाकायचाय का, हे दोघांना शुद्धीत ठरवावं लागतं. त्यात एकाने काहीतरी लपवलेलं असतं, जादू वापरल्याची किंमत कुणाच्या तरी अंगावर निघते, जो दुष्ट वाटत होता त्याचं म्हणणं पहिल्यांदा नीट ऐकू येतं. माझ्या मते प्रेमकथा खरी इथे सुरू होते, त्याआधी असते ती ओढ.

तू दशावतार बघत वाढलेली असणार. संकासुर येऊन हसवून गेला, आख्यान रंगात आलं, पहाटेचा शेवट अजून लांब आहे आणि राजा-राणीची ताटातूट झालीये, त्या वेळेला नट पदरचे संवाद टाकत सीन कसा फुलवतात! शेवट सगळ्यांना माहीत असतो, तरी माणसं त्या मधल्या तासांसाठी जागतात.

आणि हे आजचं नाही. आपल्याकडे 1861 ची मुक्तामाला, 1868 ची मंजुघोषा, या अद्भुतरम्य कादंबऱ्या प्रेम आणि संकटांवरच उभ्या होत्या. इंग्रजी लेखक टॉल्कीनची फँटसी लॉर्ड ऑफ द रिंग्ज प्रेमकथा नाही, पण बघ, त्याने ती एकच कादंबरी म्हणून लिहिली होती, प्रकाशकाने खर्चाचा विचार करून तीन भागांत काढली. दुसऱ्या भागाचा सगळा उत्तरार्ध नायक फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि त्यांचा वाटाड्या गॉलम यांच्या वाटचालीवर आहे. कोण कुणावर किती विश्वास ठेवतो हेच त्यात मुख्य, आणि सॅमची निष्ठा जी आपल्या मनात बसते ती तिथे. तो भाग नोव्हेंबर 1954 मध्ये आला, संपतो तेव्हा फ्रोडो शत्रूच्या हातात, आणि तिसरा आला थेट ऑक्टोबर 1955 मध्ये. त्या वाचकांनी अकरा महिने तसेच काढले, तुझा तिसरा भाग तर उशाशी आहे, चार दिवस थांबलीस तर काय बिघडतंय.

आता मैत्रिणींची बाजू पण सांगते, कारण पाणी घातलेले मधले भाग असतात आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. पाच मिनिटं समोरासमोर बोलले असते तर मिटलं असतं असा गैरसमज दोनशे पानं ताणायचा, मध्येच एक सुंदर राजपुत्र आणायचा फक्त जळवायला, आणि शेवटच्या पानावर दोघं पहिल्या पानावर होते तिथेच. तुझ्या पुस्तकात ती दोघं शेवटी बदललेली आहेत का? असतील तर निवांत राहा, तुझी आवड बरोबर आहे.

तिसरा उघडायच्या आधी दुसऱ्याची शेवटची दोन-तीन प्रकरणं परत वाच. पहिल्या भागात दिलेला कुठला शब्द दुसऱ्यात मोडला ते आठव, अशा सिरीजमध्ये तिसऱ्या भागाची मोठी भानगड बऱ्याचदा तिथूनच निघते. आणि तोपर्यंत त्या सिरीजची रील्स बघू नकोस गं, अर्ध्या सेकंदात कोण मेलं ते कळतं.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची आहे, अशाच एका इंग्रजी सिरीजचा पहिला भाग मी चाळला, ठीक वाटला. दुसरा मागतेय. देऊ का? (एक वडील, गुहागर)

उत्तर: दादा, तुम्ही चाळलात हेच किती चांगलं केलंत. पण पहिल्यावरून दुसऱ्याला हो म्हणू नका. यातल्या बऱ्याच सिरीज मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात, कव्हर मात्र मुलांच्या पुस्तकासारखं गोड, आणि पहिल्या भागात जे दाराबाहेर थांबतं ते दुसऱ्यात उघड लिहिलेलं असू शकतं. प्रकाशकाने वयोगट दिलाय का बघा, दुसरा भाग आधी स्वतः वाचा. नाही म्हणायचं ठरलं तर कारण सांगून म्हणा, नुसतं लपवून ठेवलंत तर फोनवर वाचेल. आणि त्याच वेळी तिच्या वयाची दुसरी एखादी सिरीज हातात द्या, तिची ही गोडी तुटायला नको.

प्रश्न: आमच्या गावच्या वाचनालयात अशाच एका सिरीजचा फक्त दुसरा भाग आहे. तिथूनच सुरू करू? (वाचक, राजापूर तालुका)

उत्तर: नको हो. दोघांचं आधीचं वैर माहीत नसेल तर त्यांच्या समेटात काय मजा? ग्रंथपालांकडे पहिल्या भागाची लेखी मागणी द्या, अजून दोघा-तिघांना द्यायला सांगा.