टुणूक टुणूक, पण मैदानावर

प्रश्न : सर, मी मानेवाड्याच्या एका शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात ४२ मुलं. पी.टी.ला वेगळे शिक्षक नाहीत, तो तासही माझ्याकडेच आहे. गोष्टी आणि खेळ एकत्र करून पाहावेत, असं फार दिवस मनात होतं. परवा ससा-कासवाची शर्यत लावली आणि पाच मिनिटांत नुसता गोंधळ झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'गोष्ट वर्गात, खेळ मैदानात.' माझं कुठे चुकलं?
– एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, ससा-कासव मीही लावलं होतं, नोकरीच्या पहिल्याच वर्षी. सगळ्यांना ससाच व्हायचं होतं. शेवटी वर्गातल्या एका जाड मुलाला मी कासव केलं. गोष्टीत कासव जिंकतं, पण त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. पोरं त्याला वर्षभर कासवच म्हणत राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. जे पात्र पोराला नाव म्हणून चिकटेल, ते मैदानावर नेऊ नका.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. पोषण आहाराच्या तांदळाची सहा रिकामी पोती मागा. बारदान्याचा हिशेब शाळेला ठेवावा लागतो, म्हणून आधी विचारून घ्या. सात-सात मुलांच्या सहा रांगा करा. पोत्यात उतरलेली म्हातारी प्रत्येक 'टुणूक'ला एक उडी मारेल आणि रांगेतले बाकीचे सहा जण 'चल रे भोपळ्या' म्हणतील. त्यांचा आवाज थांबला की भोपळाही थांबला. तुमचा गोंधळ बहुधा इथेच झाला असेल : धावणारे दोन आणि नुसते बघणारे चाळीस. इथे बघणाऱ्यालाही काम आहे. पहिला नंबर कोणाचा, ते मोजूच नका.

पण मला खरी गोडी आहे ती शब्दांची. लगबग, तुरुतुरु, दुडूदुडू, झपझप, ठुमकत, सरपटत... आपल्या गोष्टी चालण्याच्या शब्दांनी भरलेल्या आहेत आणि पोरं ते नुसते वाचून पुढे जातात. मी गोष्ट सांगताना असा शब्द आला की थांबायचो आणि सगळा वर्ग तसा चालायचा. एकदा 'दबकत' आलं. मी विचारलं, दबकत म्हणजे हळूच ना? एक मुलगी टाच उचललेलीच ठेवून म्हणाली, "नाही सर. हळू चालणाऱ्याले कोणी पाह्यलं तरी चालते. दबकणाऱ्याले चालत नाही." तो फरक फळ्यावर समजावायला मला अर्धा तास लागला असता, आणि तरी जमला असता की नाही कोण जाणे.

गोष्ट मैदानावर संपवू नका. वाघ भोपळ्यासमोर उभा राहिला की तास संपवायचा. पुढचं वर्गात, पुस्तक उघडून. त्या दिवशी वाचायला कोणी कंटाळत नाही. तात्पर्य मात्र विचारू नका, पाय दमलेले असताना तर नाहीच.

प्रत्येक खेळाला गोष्ट जोडायचीही गरज नाही. खो-खोत आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंडं करून बसलेले असतात, नववा धावतो. त्यात पुरेसा थरार आहे, तो खेळ तसाच राहू द्या.

मुख्याध्यापिकांना २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. खेळांची सांगड इतर विषयांशी घालून शिकवण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. त्याहून बरं म्हणजे एक दिवस त्यांनाच वाघ करा.

मार्च लागला की आपल्या नागपुरात सकाळी नऊनंतर मैदानात उभं राहवत नाही. सकाळच्या शाळेत हा तास पहिलाच ठेवा. ते जमलं नाही तर व्हरांड्यात चालण्याचे शब्द घ्या, त्याला जागा कमी लागते. आणि पोती आदल्या दिवशी उन्हात चांगली झटकून ठेवा. तांदळाच्या पोत्यात सोंडे राहतात, पोरांच्या पायांना खाज सुटते.