खेड्यात कमी फीचा दवाखाना परवडतो का?

परवडतो की, पण सगळं डॉक्टरनंच करायचं म्हटलं तर नाही. बीडला लागूनच जामखेड, तिथं आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी 1970 ला काम सुरू केलं आन गावातल्याच बायकांना, काही तर निरक्षर, शिकवून बाळंतपण, जुलाब, लसीकरण बघायला लावलं. धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या भारतवैद्य, म्हणजे शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायका, पण तशाच. औषधं जेनेरिकच ठेवा, बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या एकदम द्या, नाहीतर एसटीचं भाडं बघून पेशंट येतच नाही. ऊसतोडीला लोकं गेले की दिवाळीनंतर चार-पाच महिने ओपीडी रिकामी, ते धरूनच पगार ठरवा. आणि हो, सलाईन मागतीलच, जुलाबाला बहुतेकदा ओआरएस पुरतं, नाही म्हणायला शिका.