रोज सकाळी पोट दुखतं म्हणून शाळेला न जाणारी मुलगी थेरपीने बरी होईल का?

ताई, मुलगी अकरा वर्षांची, तपासण्या सगळ्या नॉर्मल, डॉक्टर थेरपी सांगतात आणि तुम्ही विचारता, नुसत्या बोलण्याने काय होणार? मीही हेच विचारायचे. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे, मुलगा तेव्हा सहावीत. सासूबाईंनी दृष्ट काढली, देवळात कौलही लावून झाला.

नुसत्या बोलण्याने आमचंही काही झालं नाही. पहिल्या ठिकाणी चार महिने गप्पा नि चित्रं. त्याला तिथे आवडायचं, शाळा मात्र बंदच. दुसऱ्या मॅडमनी सीबीटी सुरू केली, म्हणजे विचार आणि वागणं सरावाने बदलायची थेरपी. त्यांनी त्याच्याकडून वहीत एक शिडी काढून घेतली. खालची पायरी 'युनिफॉर्म घालून अंगणापर्यंत', भीती दहापैकी तीन. मग कदंबा बसचा स्टॉप, शाळेचं गेट, एकच तास. सगळ्यात वर वर्गात उभं राहून वाचणं, दहा. गेटपाशी आम्ही पंचवीस मिनिटं उभे होतो. त्याचा घामेजलेला हात माझ्या हातात, मी मधून मधून आकडा विचारायची. आठ. आठ. सात. पाच. पळून न जाताही भीती उतरते, हे त्याला तिथे कळलं.

मलाही गृहपाठ होता: रडला म्हणून घरी आणायचं नाही. फार जड गेलं. पण घरी आणलं की त्या क्षणी सुटका होते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढते, हे मी स्वतः पाहिलंय.

हा काही आमच्यापुरता अनुभव नाही. २००८ साली अमेरिकेत चिंताविकार असलेल्या ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. बारा आठवड्यांत नुसत्या सीबीटीने सुमारे ६० टक्के मुलं चांगली सुधारली, नुसत्या सर्ट्रालिन या चिंतेवरच्या गोळीने ५५, दोन्ही मिळून ८१. औषध नसलेल्या गोळीने २४. म्हणून डॉक्टरांनी औषधही सुचवलं तर लगेच नको म्हणू नका.

गोव्यात असाल तर बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचाराची संस्था सरकारी आहे, तिथे दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मोफत आहे. कुठेही गेलात तरी विचारा: घरी सराव काय द्याल, आईवडिलांना काय शिकवाल, सुधारणा कशी मोजाल?

आणि त्याआधी शाळेत तिला कुणी छळत नाही ना, हे शांतपणे काढून घ्या. तसं असेल तर शिडी नंतर, आधी तो छळ थांबवायचा.