वाचकांचे प्रश्न : उपचार का फसले, हे डॉक्टरांना कसे विचारावे?

प्रश्न : माझे वय 34 वर्षे असून लग्नाला आठ वर्षे झाली आहेत. गेल्या वर्षी आम्ही टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेतले. नऊ स्त्रीबीजे मिळाली आणि त्यांतून चार गर्भ तयार झाले. दोन गर्भ लगेच पिशवीत सोडले, उरलेले दोन गोठवून ठेवून चार महिन्यांनी सोडले. दोन्ही वेळा रक्ततपासणी निगेटिव्ह आली. कारण विचारले तेव्हा "सगळे व्यवस्थित होते, नशिबाची साथ मिळाली नाही," एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या वेळी पिशवीचे अस्तर साडेसहा मिलिमीटरच्या पुढे वाढत नसल्याचे सिस्टर आपसात बोलत होत्या. आता अस्तरासाठी पीआरपी नावाचा उपचार करून पुन्हा प्रयत्न करू, असे डॉक्टरांनी सुचवले आहे. त्याचे पैसे वेगळे आहेत आणि पहिले कर्ज अजून फिटलेले नाही. गर्भ सोडल्यावर मी जिने चढले आणि एसटीने माहेरी गेले म्हणून असे झाले, असे सासूबाई म्हणतात. एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही. लग्नाआधी, एकविसाव्या वर्षी, मी गर्भपात करून घेतला होता. गोळ्यांनी तो पूर्ण न झाल्यामुळे पिशवी साफ करावी लागली आणि तेव्हापासून माझी पाळी कमी जाते. डॉक्टरांकडे जाताना पती आणि सासूबाई नेहमी सोबत असतात, त्यामुळे "याआधी दिवस गेले होते का?" या प्रश्नाला मी "नाही" म्हटले. हे त्या गर्भपाताचे फळ आहे का? आता खरे सांगितले, तर डॉक्टर ते पतींच्या कानावर घालतील का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्हाला हे फळ म्हणून मिळालेले नाही. योग्य रीतीने झालेल्या गर्भपातामुळे पुढे दिवस राहत नाहीत, ही समजूत चुकीची आहे, आणि असंख्य स्त्रियांना त्यानंतर मुले झालेली आहेत. मात्र पिशवी साफ करताना काही वेळा अस्तराच्या खोलवरच्या थराला इजा होते, विशेषतः सोबत जंतुसंसर्ग असेल तर, आणि मग पिशवीच्या आतल्या भिंती जागोजागी एकमेकींना चिकटतात. तुमच्या बाबतीत असे झाले असेल, तर ती एक जखम आहे. तिच्याकडे शिक्षा म्हणून पाहू नका, कारण शिक्षा मानलेली गोष्ट माणूस लपवतो आणि लपवलेल्या जखमेवर उपचार होत नाहीत.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आल्या आहेत : पिशवी साफ केली होती, तेव्हापासून पाळी कमी जाते आणि औषधे देऊनही अस्तर साडेसहा मिलिमीटरच्या पुढे गेले नाही. या तिन्ही एका ओळीत ठेवल्या की कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात पिशवीतील चिकटणीची शंका यायला हवी. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही. परंतु ही शंका दूर केल्याशिवाय आणखी एक गर्भ पिशवीत सोडणे मला योग्य वाटत नाही. साध्या सोनोग्राफीत अशा चिकटणी अनेकदा दिसत नाहीत. त्यासाठी दुर्बिणीतून पिशवीच्या आत पाहावे लागते, म्हणजे हिस्टेरोस्कोपी करावी लागते, आणि चिकटणी सापडल्यास बहुधा त्याच वेळी त्या सोडवता येतात. त्या पातळ असतील तर परिणाम चांगला मिळतो. दाट असतील तर पुन्हा धरण्याची शक्यता राहते आणि अस्तर पूर्ववत होईलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ही मर्यादा आधीच ठाऊक असलेली बरी.

त्याच वेळी अस्तराचा छोटा तुकडा क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवायला सांगावा. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षय हे वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो खोकला किंवा ताप न येताही बीजवाहक नळ्यांत आणि अस्तरात वर्षानुवर्षे राहू शकतो, आणि कमी जाणारी पाळी हे त्याचेही लक्षण असते. लहानपणी तुम्हाला किंवा घरात कोणाला क्षय झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तुमच्या नळ्यांविषयी पत्रात काहीच उल्लेख नाही. नळी बंद होऊन तिच्यात पाणी साठले असेल, तर ते पिशवीत झिरपते आणि टेस्ट ट्यूब बेबीचे यश जवळजवळ निम्म्यावर आणते. म्हणून अशी नळी गर्भ सोडण्याआधी काढतात किंवा बंद करतात.

आता "नशीब" या उत्तराविषयी. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते फार लवकर दिले गेले आहे. तुम्ही दोन अपयशे म्हणता, तरी चारही गर्भ एकाच वेळी काढलेल्या स्त्रीबीजांपासून तयार झालेले होते. स्त्रीबीजे मुलीच्या जन्माआधीपासूनच बीजकोशात असतात आणि वय वाढत जाते तशी त्यांच्यातील गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याची शक्यता वाढते. पस्तिशीच्या आतसुद्धा साधारण तीनांतील एका गर्भात गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते, आणि चाळिशीनंतर हे प्रमाण अर्ध्याहून वर जाते. असे बहुतेक गर्भ रुजत नाहीत किंवा सुरुवातीलाच पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते देखणे दिसू शकतात, म्हणूनच "गर्भ चांगला होता" आणि "तो रुजला नाही" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात. पिशवी पूर्ण निरोगी असलेल्या जोडप्यांनाही असा अनुभव येतो. परंतु नशिबाचे नाव घेण्याआधी शोधण्याजोगी कारणे शोधलेली असावी लागतात, आणि तुमच्या बाबतीत पातळ अस्तराचे कारण शोधलेले दिसत नाही.

पुढच्या भेटीत केवळ "का फसले?" असे विचारू नका, कारण या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर देणे सोपे असते. कोणत्या टप्प्यावर काय झाले, हे विचारा. नऊ बीजांपैकी पक्व किती होती आणि फलित किती झाली, गर्भ कितव्या दिवशी सोडले, त्यांचा दर्जा काय नोंदवला होता, दोन्ही वेळी अस्तर किती मिलिमीटर होते आणि ते साडेसहावर अडलेले असताना त्या महिन्यात गर्भ न सोडण्याचा विचार का झाला नाही, असे प्रश्न विचारले की उत्तरे आकड्यांत द्यावी लागतात. हे सर्व लेखी मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या 2021 च्या कायद्यानुसार यशाच्या शक्यतेची माहिती देऊन समुपदेशन करणे आणि केलेल्या प्रक्रियेचा तपशील असलेले प्रमाणपत्र देणे हे केंद्राचे कर्तव्यच आहे. हे कागद हाती असले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतानाही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातील प्लेटलेट्सचा अंश पिशवीत सोडणे. पातळ अस्तरावर त्याचा खात्रीचा उपयोग होतो, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा आज उपलब्ध नाही. काही डॉक्टर प्रामाणिक आशेने ते सुचवतात, हे मला मान्य आहे. पण पिशवीच्या आत एकदाही न पाहता, कर्जात असलेल्या जोडप्याला वेगळे पैसे भरायला सांगणे मला पटत नाही. चिकटणी तशाच राहिल्या, तर वरून काहीही सोडले तरी ते कुठे काम करणार? आधी तपासणी होऊ द्या आणि पीआरपीचा निर्णय त्यानंतर घ्या.

तुमची सर्वांत मोठी भीती गुप्ततेची आहे आणि ती अनाठायी नाही. वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीची ओळख उघड करण्यावर बंदी घातलेली आहे, आणि रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय पतीला न सांगणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक बंधनच आहे. खरा धोका मला वेगळाच दिसतो. आपल्याकडे फाइल रुग्णाबरोबर घरी जाते आणि घरातले सगळे ती चाळतात. म्हणून नोंद कुठे होणार, हे सांगण्याआधीच ठरवून घ्या. सोनोग्राफीच्या किंवा आतल्या तपासणीच्या वेळी घरच्यांना बाहेर थांबवतात. तेव्हा म्हणा, "डॉक्टर, मला एक गोष्ट एकटीने सांगायची आहे, आणि ती घरी जाणाऱ्या फाइलवर लिहू नका. एकविसाव्या वर्षी माझा गर्भपात झाला होता, पिशवी साफ केली होती आणि तेव्हापासून पाळी कमी जाते. मागच्या वेळी घरचे समोर असल्यामुळे मी नाही म्हटले." एवढे पुरेसे आहे, त्यापुढे कसलेही स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. दुर्बिणीच्या तपासणीसाठी कागदावर "पातळ अस्तर" हे कारण लिहिले तरी चालते, कारण तेही खरेच आहे. पतींना सांगायचे की नाही, कधी आणि कसे, हा निर्णय सर्वस्वी तुमचा आहे आणि उपचारांसाठी त्याची घाई नाही.

तुम्ही "नाही" म्हटलेत, यात तुमच्यापेक्षा आम्हा डॉक्टरांचा दोष मला अधिक दिसतो. सासूबाई शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या असताना हा प्रश्न विचारून खरे उत्तर मिळेल, अशी अपेक्षा कोणी कशी धरावी? वंध्यत्वाच्या उपचारांत प्रत्येक स्त्रीशी आणि प्रत्येक पुरुषाशी किमान एकदा एकांतात बोलायलाच हवे.

जिने, एसटीचा प्रवास, पपई यांपैकी कशानेही सोडलेला गर्भ पडत नाही. गर्भ सोडल्यानंतर अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेले आहे. शक्य झाल्यास हे वाक्य डॉक्टरांनी सासूबाईंसमोर उच्चारावे, अशी विनंती करा. तुम्ही सांगितल्यापेक्षा त्यांनी सांगितलेले घरात अधिक टिकेल. मात्र अस्तर टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे एखादे औषध चुकले असेल किंवा सोबत कोणाच्या सांगण्यावरून काढा अथवा चूर्ण घेतले असेल, तर ते न संकोचता सांगा.

आणि पतींच्या तपासणीविषयी तुमच्या पत्रात एक ओळही नाही. त्यांचा वीर्यतपासणीचा अहवाल किती जुना आहे? तंबाखू, मिश्री, जिममध्ये घेतलेली हार्मोनची इंजेक्शने, मधल्या काळात येऊन गेलेला डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप, या सर्वांचा परिणाम शुक्रजंतूंवर होतो. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडायची असेल तर ती आजच सोडावी लागेल. तुमचे गोठवलेले गर्भ संपलेले असल्यामुळे पुन्हा बीजे काढावीच लागतील. वयाचा विचार करता वर्ष-दोन वर्षे थांबू नका, पण इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी पिशवीची तपासणी होऊ द्या. ती पाळी थांबल्यानंतर लगेच, म्हणजे पाळी सुरू झाल्यापासून साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसाच्या दरम्यान करतात. त्या हिशेबाने भेटीची वेळ आधीच घेऊन ठेवा.