घाटात जाण्याआधी टायर बघून घ्या
पहिलीच गाडी आणि तीही जुनी घेतलीत, म्हणून सांगतो. टायरच्या खाचा खोल दिसल्या की माणूस निर्धास्त होतो. आधी वय बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचा टायरही उन्हाने कडक होतो, बारीक भेगा पडतात. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला.

झीज कुठे आहे, त्यावरून बरंच कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी ठेवली होती, फक्त मधला भाग झिजला तर जास्त. एकच कड गेली असेल तर बहुधा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलंय. ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं, करून घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सरसकट पस्तीस भरतो, त्याला आकडा आपणच सांगायचा.

टायरच्या बाजूच्या भिंतीला फुगा आला असेल तर पंक्चरवाला काहीही म्हणो, टायर बदलाच.

आणि हो, स्टेपनी! माझी एकदा भर पावसात कसारा घाटात बसलेली निघाली. नटही यंत्राने इतके आवळलेले, की पान्यावर उभा राहिलो तरी हलेनात. तुम्ही घरासमोरच एकदा चाक काढून बघा.